मेक्सिकोच्या लोकगीतांतील राजकीय अन्योक्ति

राज्य करणाऱ्यांचा इतिहास लिहावयाचा असल्यास दप्तरखाने धुंडाळावे लागतात. परंतु ज्यांच्यावर राज्य केलें गेलें त्यांचा इतिहास लिहूं गेल्यास हें साधन अपुरें पडतें. कारण ज्याच्या हातीं लेखणी त्याचेंच दप्तर. कुळाकडून किती धान्य आलें, कोणाच्या नांवें किती बाकी निघाली, हें तेथें बिनचूक सांपडतें. पण तें धान्य मापून देतांना कुळाच्या मनांत काय आलें, हें तेथें सांपडत नाहीं. तें सांपडलेंच तर त्याच्या गाण्यांत सांपडावयाचें. आणि तेथेंही तें सरळ सांपडत नाहीं. जी गोष्ट उघड बोलल्यास पाठीवर कोरडे बसतील ती शहाणा मनुष्य उघड बोलत नसतो. तो झुरळाविषयीं बोलतो, नांगराविषयीं बोलतो, पिंजऱ्याविषयीं बोलतो. आणि ऐकणाऱ्यास जें समजावयाचें तें समजतें. लेकी बोले सुने लागे, ही आपली म्हण ह्याच युक्तीचें वर्णन करते. आणि आपल्या साहित्यशास्त्रांत तिला अन्योक्ति असें भारदस्त नांव दिलेलें आहे.

संस्कृत कवींची अन्योक्ति हंस, चातक, भ्रमर व चंदनवृक्ष ह्यांच्यांत रमते. मेक्सिको देशांतील लोकगीतांची अन्योक्ति शेतांत, बाजारांत आणि सैन्याच्या तळावर वाढली. गेल्या सव्वाशें वर्षांत तिनें तेथें कोणतें काम केलें, तिचें बळ कशांत होतें आणि तिचा दुबळेपणा कशांत, हें पाहण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे. दूरच्या देशाच्या गाण्यांशीं आम्हांस काय कर्तव्य, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर लेखाच्या ओघांत मिळेल अशी आम्हांस आशा आहे.

मेक्सिकोंत ज्या गीतप्रकारास कोरीदो म्हणतात तो आपल्या पोवाड्याशीं ताडून पाहण्याजोगा आहे. स्पेनमधील जुन्या कथाकाव्यापासून तो निघाला, असें व्हिसेंते मेंदोसा ह्या विद्वानानें 1939 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत विस्तारानें दाखविलें आहे. आठ अक्षरांच्या चार ओळींचें एक कडवें, अशीं कडवीं एकापुढें एक गाऊन कथा सांगावयाची, हा त्याचा सांचा. आरंभीं बहुधा साल, दिवस आणि ठिकाण सांगितलेलें असतें. शेवटीं गाणारा श्रोत्यांचा निरोप घेतो, आणि पुष्कळदां एखाद्या कबुतराच्या हातीं आपली वार्ता दूरदेशीं धाडून देतो. ज्या समाजांत वर्तमानपत्र वाचतां येणारे थोडे आणि वाचण्याजोगें वर्तमानपत्र त्याहूनही थोडें, त्या समाजांत वर्तमानपत्राचें काम ह्या गाण्यांनीं केलें. पोर्फिरिओ दियास ह्यानें मधलीं चार वर्षें वगळतां 1876 पासून 1911 पर्यंत त्या देशावर एकछत्री सत्ता चालविली. आगगाड्या, खाणी व परकी भांडवल ह्यांची त्या काळांत भरभराट झाली. खेड्यांच्या सामाईक जमिनी मोठ्या जमीनदारांच्या घशांत गेल्या. आणि ह्याविरुद्ध लिहिणारे संपादक राजधानींतील बेलेनच्या तुरुंगांत जाऊन पडले.

ह्याच काळांत मेक्सिको शहरांत आंतोनियो व्हानेगास आरोयो ह्याचा छापखाना चालत असे. स्वस्त रंगीत कागदावर एका बाजूस चित्र व खालीं गाणें छापून तो कागद चार पैशांत रस्त्यावर विकावयाचा, हा त्याचा धंदा. चित्रें काढणारा कारागीर होसे ग्वादालुपे पोसादा हा 1913 च्या जानेवारींत दारिद्र्यांत वारला आणि मरणोत्तर जगप्रसिद्ध झाला. मेक्सिकोंत नोव्हेंबरच्या आरंभीं पितरांचा सण असतो. त्या दिवसांत जिवंत माणसांवरच मृत्युलेख रचून त्यांची थट्टा करण्याची चाल आहे. पोसादानें ह्या पद्यांसाठीं कवट्या व सांपळे काढले; आणि त्या निमित्तानें सेनापति, वकील, शेटजी व भिकारी सर्व एकाच हाडांचे होऊन बसले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध सांपळा एका स्त्रीचा आहे. डोक्यावर फ्रेंच पद्धतीची पिसांची टोपी आहे आणि खालीं नुसती कवटी आहे. आपलें देशी रक्त लपवून युरोपियन म्हणून मिरविणाऱ्या मोलकरणींवर तो टोमणा होता असें सांगतात. पण तो मोलकरणींपाशींच थांबला असेल असें कोण म्हणेल? साऱ्या सरकारी थाटालाच ती टोपी बरोबर बसत होती.

येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. हा छापखाना कांहीं क्रांतिकारकांचा अड्डा नव्हता. जें खपेल तें छापावें हें त्याचें धोरण होतें, आणि मादेरो व सापाता ह्या बंडवाल्यांची टर उडविणारे कागदही तेथूनच निघाले. लोकगीत म्हटलें कीं तें क्रांतीच्या बाजूचेंच असावयाचें, असा भाबडा समज आजचे पुष्कळ लेखक बाळगतात. तो इतिहासास मान्य नाहीं.

हीच गोष्ट झुरळाच्या गाण्यावरून अधिक स्पष्ट होते. ‘ला कुकाराचा’ हें गाणें जगभर पोहोंचलेलें आहे. त्यांतील झुरळाला आतां चालवत नाहीं, एवढीच त्याची मूळ कल्पना. हें गाणें 1910 च्या क्रांतीहून पुष्कळ जुनें असून त्याचें मूळ स्पेनमध्यें आहे असें मानतात. क्रांतियुद्धांत मात्र प्रत्येक सैन्यानें त्यास आपापलीं कडवीं जोडलीं. पांचो व्हियाच्या शिपायांनीं त्यांत कारांसाच्या दाढीची यथेच्छ थट्टा केली. न चालणारें झुरळ म्हणजे 1913 सालीं राष्ट्राध्यक्ष मादेरो ह्याचा घात करून गादी बळकावणारा मद्यपी सेनापति उएर्ता, असें कित्येक म्हणत. कोणी म्हणत तें झुरळ म्हणजे व्हियाची वरचेवर बंद पडणारी मोटार. तर कोणी म्हणत सैन्यामागून पायपीट करणारी शिपायाची बायको. ह्यांपैकीं खरा अर्थ कोणता, ह्यावर पंडितांनीं वाद घातले आहेत. आमच्या मतें तो वाद व्यर्थ आहे. अन्योक्तींत उपमान तेवढें सांगतात आणि उपमेय श्रोत्याच्या हवालीं करतात. मग एका तळावर एक आणि दुसऱ्या तळावर दुसरें उपमेय निघालें तर त्यांत नवल कसलें? उपमेय ज्याचें त्यानें भरावयाचें असल्यामुळें श्रोता नुसता श्रोता राहत नाहीं, तो गाण्यांत सामील होतो. हें अन्योक्तीचें बळ. पण जें भांडें रिकामें आहे त्यांत कोणीही कांहींही ओतूं शकतो, हा तिचा दुबळेपणाही त्याच ठिकाणीं आहे. आज तें झुरळ लहान मुलांच्या गाण्यांत आणि उपाहारगृहांतल्या वाद्यवृंदांत निरुपद्रवीपणें नाचतें. त्यानें कधीं कोण्या सेनापतीला दंश केला होता ह्याची आठवण फारच थोड्यांस उरली आहे.

कांहीं गाण्यांत प्राणी किंवा वस्तु नसून मनुष्य हाच संकेत बनतो. 1901 च्या जूनमध्यें टेक्सास संस्थानांत ग्रेगोरिओ कोर्तेस ह्या मेक्सिकन शेतकऱ्याकडे एक इंग्रजी बोलणारा शेरीफ चोरीच्या तपासासाठीं आला. घोड्याचा सौदा केलास काय, असें त्यानें दुभाष्याकरवीं विचारलें. कोर्तेस नाहीं म्हणाला. त्यानें सौदा केला होता तो घोडीचा. आणि स्पॅनिश भाषेंत, मराठीप्रमाणेंच, घोडा निराळा व घोडी निराळी. शेरीफास तो खोटें बोलतो असें वाटलें. झटापटींत शेरीफानें कोर्तेसच्या भावावर गोळी झाडली, कोर्तेसनें शेरीफास ठार केलें, आणि पुढें दहा दिवस शेंकडों माणसें त्याच्या पाठीवर होतीं. 1913 सालीं त्याला माफी मिळाली. त्याच्यावरील कोरीदोचा अभ्यास आमेरिको पारेदेस ह्या टेक्सासमधील प्राध्यापकानें 1958 सालीं प्रसिद्ध केला. लोकगीतांच्या अभ्यासकानें तो अवश्य वाचावा. एका शब्दाच्या चुकीच्या भाषांतरावरून माणसें मरतात, ही गोष्ट ज्या प्रांतानें पदोपदीं अनुभविली होती त्या प्रांतानें कोर्तेसला एकट्याला राहूं दिलें नाहीं. त्याच्यांत स्वतःस पाहिलें. तीच गोष्ट सापाताची. 10 एप्रिल 1919 रोजीं चिनामेकाच्या वाड्यांत दगा करून त्याला मारण्यांत आलें आणि त्याचें शव लोकांना दाखविण्यांत आलें. तरी शवावरच्या खुणा जुळत नाहींत, तो घोड्यावर बसून निघून गेला, असें मोरेलोस प्रांतांतील शेतकरी वर्षानुवर्षें म्हणत राहिले. ज्या जमिनीसाठीं तो लढला ती जोंवर पुरती हातीं आली नव्हती, तोंवर तो मेला असें म्हणणें त्यांना परवडणारें नव्हतें.

परंतु क्रांतीचा जय झाला म्हणजे क्रांतीच्या गाण्यांचें काय होतें? ह्या प्रश्नाचें उत्तर मेक्सिको शहरांतील शिक्षणखात्याच्या इमारतींत भिंतीवर रंगविलेलें आहे. चित्रकार दिएगो रिव्हेरा ह्यानें 1923 ते 1928 ह्या काळांत ह्या इमारतीचे चौक चित्रांनीं भरून काढले. तिसऱ्या मजल्यावरील चित्रमालेला त्यानें कोरीदोचेंच नांव दिलें, आणि चित्रांच्या माथ्यावरून एक लांबच लांब फीत रंगवून तीवर गाण्याचीं कडवीं लिहिलीं. मराठी वाचकांस विशेष वाटण्याजोगी गोष्ट ही कीं, ह्याच मालेंत ‘आमची भाकरी’ ह्या अर्थाच्या नांवाचें 1928 सालचें एक चित्र आहे. त्यांत मेजावर बसून सर्वांसाठीं भाकरी मोडणारा जो पुरुष आहे तो डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे ह्यांच्यावरून काढला आहे, असें सांगतात. वर्ध्याचे हे गृहस्थ गदर चळवळींत पडून देशोदेशीं हिंडले, 1924 सालीं मेक्सिकोंत पोहोंचले, चापिंगो येथील कृषिविद्यालयांत शिकवूं लागले, मक्याच्या जातींवर त्यांनीं संशोधन केलें आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं मोफत कृषिशाळा काढल्या. त्यांचा अंत 1967 सालीं नागपुरास झाला. 2022 सालीं चापिंगो येथें त्यांचा पुतळा उभारण्यांत आला. तेव्हां ह्या गाण्यांच्या फितीखालीं आपलाही एक मनुष्य बसलेला आहे, आणि तोही शेतीशीं व भाकरीशीं संबंध असलेला.

रिव्हेराच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण गाणें रस्त्यावरून उठून सरकारी भिंतीवर गेलें, म्हणजे त्याचा मान वाढतो आणि दांत पडतात. 1929 सालीं क्रांतीच्या नांवानें एक सरकारी पक्ष निघाला. 1946 सालीं त्यानें जें नांव घेतलें त्यांत ‘क्रांति’ आणि ‘संस्था’ हे दोन्ही शब्द शेजारीं बसविले होते. आणि 2000 सालापर्यंत राष्ट्राध्यक्षपद त्या पक्षाच्या हातून सुटलें नाहीं. व्हिया व सापाता ह्यांचे कोरीदो शाळांत, बोलपटांत व राष्ट्रीय समारंभांत गाइले जाऊं लागले. बंडखोराची स्तुति गाण्यास आतां धैर्य लागेनासें झालें. कारण तो बंडखोर आतां सरकारचाच पूर्वज ठरला होता. 2 ऑक्टोबर 1968 रोजीं, ऑलिंपिक खेळांस दहा दिवस उरले असतां, राजधानींतील त्लातेलोल्को चौकांत ह्याच क्रांतिकारक म्हणविणाऱ्या सरकारच्या सैन्यानें विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळीबार केला. हुदित रेयेस ह्या गायिकेनें त्या चळवळीवर कोरीदो रचले. त्यांत अन्योक्ति नव्हती, जें झालें तें सरळ सांगितलें होतें.

आतां ज्या गाण्यासाठीं आम्हीं हा सारा प्रपंच मांडला त्याकडे वळूं. त्याचें नांव ‘एल् बारसोन’; कर्ता मिगेल मुन्यीस. बारसोन म्हणजे जोखड आणि नांगराची दांडी ह्यांना जोडणारें चामड्याचें कडें. गाण्यांतील कूळ दुसऱ्याच्या जमिनीवर नांगर धरून चाललें आहे. मध्येंच तें कडें तुटतें, पण बैल आपले पुढें चालतच राहतात. पीक निघाल्यावर हिशेबाचा प्रसंग येतो. जमीनदाराच्या वहींत कुळाच्या नांवें देण्याची रांग लागलेली असते. ही वही समजण्यास मेक्सिकोंतील जमीनदारी दुकानाची पद्धत लक्षांत घेतली पाहिजे. मोठ्या जहागिरीवर जमीनदाराचेंच दुकान असे. मजुरी तेथेंच खर्च करावी लागे. उचल घेतली कीं ती वहींत चढे आणि फिटत नसे. बापाची बाकी पुष्कळदां मुलाच्या मानेवर येई. 1917 च्या राज्यघटनेनें ही पद्धत कायद्यानें मोडली. गाण्यांतील कूळ संतापतें, घरीं येऊन बायकोशीं बोलतें; पण जमीनदाराविषयीं शंभर शिव्या जें सांगूं शकल्या नसत्या तें त्या तुटलेल्या कड्यानें सांगितलें आहे. साधन मोडलें, माणूस मोडला, तरी वरचा गाडा थांबत नाहीं. ही उपमा कोणा कवीनें कल्पनेनें आणलेली नाहीं. ज्याच्या हातांत नांगराची मूठ होती त्याच्या पायापाशीं ती पडलेली होती.

ह्या गाण्याचा पुढला इतिहास त्याहूनही उद्बोधक आहे. 1993 सालीं साकातेकास व हालिस्को ह्या प्रांतांतील शेतकरी बँकांच्या कर्जानें जेरीस आले. स्वस्त परदेशी धान्य बाजारांत आलेलें, सरकारी आधार काढून घेतलेला आणि व्याज चढतें. त्यांनीं ट्रॅक्टर रस्त्यांवर आणून उभे केले, आणि आपल्या चळवळीस नांव दिलें ‘एल् बारसोन’. 1994 च्या डिसेंबरांत पेसो ह्या नाण्याची किंमत कोसळली, व्याजाचे दर भडकले, आणि मग दुकानदार, घरासाठीं कर्ज काढलेले नोकरदार, लहान कारखानदार असे सगळे ह्या नांवाखालीं गोळा झाले. ज्यांनीं जन्मांत नांगर धरला नव्हता त्यांनाही तुटलेल्या कड्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाहीं. देणें आहे हें नाकारीत नाहीं, न्याय्य असेल तेवढें देऊं, अशी त्यांची घोषणा होती. ‘देणें नाकारीत नाहीं, पण देण्यास जवळ नाहीं’ अशी जी जुनी म्हण त्या देशांत आहे तिचें हें रूपांतर. म्हणींतला ऋणको हात जोडून उभा आहे. घोषणेंतला हिशेब मागतो. जप्त्या थांबविणें, न्यायालयांत दावे लढणें, हीं कामें त्या चळवळीनें केलीं. सर्वांचीं कर्जें फिटलीं असें नाहीं. पण जमीनदाराच्या वहीविरुद्ध रचलेलें गाणें, जमीनदारी कायद्यानें नष्ट झाल्यावर कित्येक दशकांनीं, बँकेच्या वहीविरुद्ध उभें राहिलें, ही गोष्ट भिंतीवरील कोणत्याही कोरीदोला साधलेली नाहीं.

त्यानंतरच्या अन्योक्तींपैकीं तिहींचा उल्लेख करून हा विषय संपवूं. सिनालोआ प्रांतांतून कॅलिफोर्नियांत जाऊन स्थायिक झालेल्या ‘लोस तिग्रेस देल नॉर्ते’ ह्या मंडळींनीं तीं गाइलीं. पहिली सोन्याच्या पिंजऱ्याची. परवान्यावांचून अमेरिकेंत राहणारा बाप पैसा मिळवितो, पण घराबाहेर पडण्यास भितो. आणि मुलें परकी भाषा बोलून मायदेशीं जाण्याचें नाकारतात. पिंजरा ही उपमा जुनीपुराणी आहे. पण येथें पिंजऱ्याचे गज बापाच्या स्वतःच्या मुलांच्या तोंडून बोलतात, म्हणून ती झोंबते. दुसरी 1996 सालची सर्कशीची. राष्ट्राध्यक्षपदावरून 1994 सालीं उतरलेले कार्लोस सालिनास आणि 1995 सालीं अटक झालेले त्यांचे बंधु राउल ह्यांच्या नांवांचे दोन सर्कसवाले भाऊ तींत आहेत. येथें पडदा इतका पातळ कीं तो असून नसल्यासारखा. तिसरी 2009 सालची शेतवाडीची. तींत कोल्ह्याच्या करणीनें बांधलेली कुत्री सुटून वाडीभर धुमाकूळ घालते. 2000 ते 2006 पर्यंतच्या राष्ट्राध्यक्षांचें आडनांव फॉक्स, म्हणजे इंग्रजींत कोल्हा, हें ज्यांस ठाऊक त्यांना आणखी सांगणें नलगे. त्या वर्षीं राजधानींतील एका पारितोषिक-समारंभांत तें गाणें गाऊं नये असें सुचविण्यांत आल्यावरून ह्या मंडळींनीं समारंभास जाण्याचेंच नाकारलें. एकविसाव्या शतकांतही कुत्र्याकोल्ह्याच्या गोष्टीनें सत्ताधाऱ्यांस अस्वस्थ करावें, हें अन्योक्तीचें थोडें यश नव्हे.

पण ह्याच मंडळींच्या 1972 सालच्या सुमारास रचलेल्या एका चोरट्या व्यापाराच्या गाण्यापासून जो दुसरा ओघ वाहूं लागला तोही नजरेआड करतां येत नाहीं. अफू, गांजा व कोकेन ह्यांच्या व्यापाऱ्यांचे पोवाडे आज त्या देशांत मुबलक गाइले जातात. कित्येक पैसे देऊन रचवून घेतलेले असतात. 2011 सालीं सिनालोआच्या सरकारनें दारूच्या गुत्त्यांत तीं गाणीं गाण्यास बंदी केली. बंदीनें गाणें मरत नाहीं, हें दियासच्या काळापासून दिसत आलें आहे. तथापि गाणें लोकप्रिय आहे एवढ्यावरून तें लोकांचें ठरतें, असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीसही आम्ही बसणार नाहीं. कोर्तेसच्या हातांतील पिस्तूल आणि व्यापाऱ्याच्या हातांतील पिस्तूल एकाच चालींत गातां येतें. सांचा दोघांसही सारखाच उपयोगी पडतो. म्हणून सांच्याकडे न पाहतां गाण्यांत दुःख कोणाचें आहे आणि दाम कोणाचा आहे, हें विचारलें पाहिजे.

हा प्रश्न घेऊन मागें पाहिलें असतां आम्हांस असें दिसतें कीं, नायकांचीं गाणीं सत्तेनें उचललीं, आणि तीं भिंतीवर गेलीं. झुरळाचें गाणें कोणाचेंही असल्यामुळें अखेर कोणाचेंच राहिलें नाहीं. तुटलेल्या कड्याचें गाणें मात्र कोणा सरकारास उपयोगी पडलें नाहीं, कारण ऋण आणि वही ह्यांच्या नात्याखेरीज दुसरा अर्थ त्याला लावतां येत नाहीं. स्वतःच्या श्रमांतून उचललेल्या वस्तूवर बसविलेली अन्योक्ति सहजासहजीं विकली जात नाहीं. गाण्यांनीं राज्यें उलथतात असा आमचा समज नाहीं. 1911 सालीं दियासला घालविलें तें बंदुकांनीं. पण बंदुका थंड झाल्यावर, कायदे बदलल्यावर आणि क्रांतीचीच सरकारी कचेरी झाल्यावर, आपल्यावर पूर्वीचीच वेळ पुन्हां आली आहे हें ओळखण्यास माणसांना एखादा शब्द जवळ असावा लागतो. साकातेकासच्या शेतकऱ्यांपाशीं तो होता, आणि त्यांच्या आजोबांनीं तो गाऊन ठेवला होता. आमच्या खेड्यांतल्या जात्यावरच्या व मोटेवरच्या गाण्यांत असे किती शब्द पडून आहेत, आणि ते गोळा करणाऱ्यांनीं त्यांतला हिशेब वाचला आहे कीं नुसता गोडवा, ह्याचा विचार अभ्यासकांनीं करावा, एवढीच आमची विनंति आहे.